आधी पाव सुकवा, मग भिजवा

नाश्त्याचा ओव्हनमधला गोड फ्रेंच टोस्ट बिघडतो तो बहुधा एकाच तऱ्हेने: वरून खरपूस, खालून पचपचीत. मग कुणी ओव्हनला बोल लावतं, कुणी अंड्यांना. माझं म्हणणं असं की दोष पाण्याचा आहे, आणि ते पदार्थ ओव्हनमध्ये जायच्या आधीच मोजायला हवं. दुधात साधारण ८७ टक्के पाणी, अंड्यात ७५, वरच्या स्ट्रॉबेरीत तर ९०च्या पुढे. ताज्या पावातही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. म्हणजे आधीच ओल्या पावाला आपण आणखी ओलं प्यायला लावतो आणि तो फुलून यावा अशी अपेक्षा धरतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: शिळा पाव घ्या. हा सल्ला अर्धाच खरा आहे. पाव शिळा होतो तो मुख्यतः त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो म्हणून. फ्रिजमध्ये हे आणखी लवकर होतं, पण प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पाणी पिशवीतच राहतं. दोन दिवसांचा पाव हाताला कडक लागला तरी पुरता सुकलेला नसतो. म्हणून मी शिळेपणावर भरवसा ठेवत नाही. दोन-अडीच सेंटीमीटर जाड काप करून जाळीवर १५० अंश सेल्सियसला दहा-बारा मिनिटं सुकवावेत, मधे एकदा उलटावेत. लादीपाव चालतो, सँडविचचा पातळ पाव मात्र दूध लागताच लगदा होतो. अशा ३०० ग्रॅम पावाला चार अंडी, ४०० मिली दूध, ५० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ पुरतं. दूध वाढवलं की टोस्ट मऊ होईल ही समजूत सोडावी. मऊपणा अंड्याच्या घट्ट होण्यातून येतो, आणि दूध जितकं जास्त तितकं ते घट्ट होणं अवघड.

‘ओलं वाटलं तर आणखी दहा मिनिटं ठेवू’ हा बेतही फसवा. अंडं-दूध-साखरेचं मिश्रण ८० अंशांच्या आसपास धरतं. त्याच्या बऱ्याच पुढे गेलं की प्रथिनं आवळतात आणि धरलेलं पाणी पिळून बाहेर टाकतात. मधोमध सुरी खुपसून पाहावी: दुधाळ पातळ आलं तर कच्चं आहे, कडेला स्वच्छ पाणी आणि मधे अंड्याच्या गुठळ्या दिसल्या तर वेळ कधीच टळून गेली आहे. १७५ अंशांना पस्तीस ते चाळीस मिनिटं हा अंदाज. ओटीजीचं बटण दाखवतं तेच तापमान आत असेल असं नाही, म्हणून घड्याळापेक्षा सुरी खरी. रात्रीच भिजवून ठेवायचं असेल तर भांडं फ्रिजमध्येच हवं, कारण कच्चं अंडं त्यात आहे.

आता फळं. ‘फळं आतच शिजली तरच चव मुरते’ हा आक्षेप मला केळं आणि सफरचंदापुरता मान्य आहे. केळ्यात गर दाट असतो. सफरचंदाच्या फोडी आधी लोण्यावर परतल्या की त्यांचं पाणी तव्यावरच आटतं. स्ट्रॉबेरीचं गणित वेगळं. महाबळेश्वरची कितीही चांगली असली तरी साखर लागली की पाणी सुटतंच. मग ते पावात का सुटू द्यायचं? फोडींना वेगळ्या वाटीत साखर लावून वीसेक मिनिटं ठेवावं, फोडी ताटात आणि सुटलेला रस वरून. गोठवलेल्या फळांना हे दुप्पट लागू, कारण बर्फाने त्यांच्या पेशी फुटलेल्या असतात. हापूस तर भाजूच नये. त्याचा सुगंध ओव्हनमध्ये उडवून काय साधणार? अननस रात्रभर भिजवायच्या मिश्रणात कच्चा घालू नये, त्यातलं ब्रोमेलेन अंड्या-दुधाची प्रथिनं तोडतं. डब्यातला चालतो, तो आधीच तापवलेला असतो.

अंडं न खाणाऱ्यांनी कस्टर्ड पावडर नुसती थंड दुधात कालवून पावावर ओतू नये. ती मुख्यतः मक्याचा स्टार्च. उकळीच्या जवळ गेल्याशिवाय नीट दाटत नाही. गॅसवर आधी दाट करून, कोमट झाल्यावर सुकवलेल्या कापांवर पसरावी आणि ओव्हनचं काम फक्त वरचा रंग आणण्यापुरतं ठेवावं.