आपल्या हातचा दिवा

रात्रीची जेवणं आटोपतात. आपण पुस्तक उघडून बसतो. दोन ओळी वाचून होतात न होतात, तोच वीज जाते. मग पुस्तक मिटायचं आणि झोपायचं, असंच का?

पूर्वी अशा वेळी रॉकेलची चिमणी लावीत. चिमणीचा उजेड थोडा आणि धूर फार. नाकात काजळी जाई, डोळे चुरचुरत. चिमणी कलंडली तर अंथरूण पेटायची भीती. दिव्याने उजेड द्यावा, घर जाळू नये. म्हणून या पाठात आपण एक लहान दिवा करायला शिकू. त्याला रॉकेल नको, काडी नको. त्याचं नाव एल.ई.डी. दिवा.

एल.ई.डी. म्हणजे काय?

जुन्या बल्बमध्ये एक बारीक तार असे. ती तापून लाल होई, तेव्हा उजेड पडे. म्हणजे बरीचशी वीज उष्णतेतच वाया जाई. एल.ई.डी.मध्ये तार नसते. तिच्यात मोहरीहून लहान असा एक तुकडा असतो. त्यातून वीज गेली की तो उजळतो.

१९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी लाल उजेडाची एल.ई.डी. केली. पण लाल उजेडात वाचायचं कसं? पांढऱ्या उजेडासाठी आधी निळी एल.ई.डी. हवी होती. ती चांगली उजळेना. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खटपट करून ती साधली. त्याबद्दल २०१४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. निळ्या एल.ई.डी.वर पिवळ्या पदार्थाचा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. तीच एल.ई.डी. आज काही रुपयांत मिळते.

सामान काय लागेल?

तीन पांढऱ्या एल.ई.डी., तीन रेझिस्टर, तीन पेन्सिल सेल, ते बसवायची डबी, एक बटण, थोडी तांबडी व काळी वायर आणि चिकटपट्टी. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करा. अहमदपुरात एखादी वस्तू मिळाली नाही तर लातूरला किंवा नांदेडला मिळेल. रेझिस्टरला काही दुकानदार ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. ‘शंभर ओहमचा द्या’ असं सांगा.

घरी आल्यावर रेझिस्टर नीट पाहा. त्यावर रंगीत पट्टे आहेत. तीही एक लिपीच आहे! तपकिरी म्हणजे १. काळा म्हणजे ०. तिसरा पट्टा पुढे किती शून्यं द्यायची ते सांगतो. तोही तपकिरी, म्हणजे एक शून्य. झाले की नाही १००? शेवटी बहुधा सोनेरी पट्टा असतो. तो उजवीकडे धरून वाचायचं. ज्याला हे वाचता येतं, त्याला दुकानात कोणी भलताच तुकडा देऊ शकत नाही.

हिशेब समजून घ्या

एका सेलचा जोर दीड व्होल्ट. तीन सेल एकामागे एक लावले की साडेचार व्होल्ट. एल.ई.डी.ला लागतात सुमारे तीन. उरले दीड. हा जास्तीचा जोर सरळ एल.ई.डी.वर पडला तर ती जळेल.

आपण उसाला पाणी देतो तेव्हा पाट सगळाच्या सगळा वाफ्यात सोडत नाही. दार थोडंसंच उघडतो. रेझिस्टर हे तसं थोडं उघडलेलं दार आहे. तीन वाफ्यांना तीन दारं, तसे तीन एल.ई.डी.ना तीन रेझिस्टर. एकाच रेझिस्टरवर भागवू नये. एक एल.ई.डी. जास्त वीज ओढील आणि दुसरी उपाशी राहील.

अशा दिव्याला एकूण सुमारे ४५ मिलिअँपिअर वीज लागते. जुन्या टॉर्चच्या बल्बला साधारण ३०० लागे. म्हणजे तितक्याच सेलवर हा दिवा कितीतरी जास्त तास चालतो.

आता दिवा जोडू

१. एल.ई.डी.ला दोन पाय असतात. लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह पाणी एकाच दिशेने जाऊ देतो. एल.ई.डी. वीज एकाच दिशेने जाऊ देते. म्हणून पाय ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. एका टोपणाला तीन भोकं पाडा. त्यात तिन्ही एल.ई.डी. बसवा.

३. प्रत्येक लांब पायाला एक रेझिस्टर जोडा. तिन्ही रेझिस्टरची दुसरी टोकं एकत्र करा. तिथे तांबडी वायर जोडा.

४. तिन्ही आखूड पाय एकत्र करा. तिथे काळी वायर जोडा.

५. तांबडी वायर बटणात न्या. बटणाचं दुसरं टोक डबीच्या तांबड्या वायरीला जोडा. काळी काळीला जोडा.

६. सांधे घट्ट पिळून त्यांना डाख द्या. डाख देता येत नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून देऊन घ्या. मग प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळा.

सेल बसवा. बटण दाबा. उजेड पडला!

छापलेले भाग

टोपण म्हणून बाटलीचं झाकण चालतं, बांबूची कांडीही चालते. पण आता असे भाग छापताही येतात. तुम्ही म्हणाल, छापतात ते पुस्तक, टोपण कसं छापणार? आपण मातीची भिंत घालतो तेव्हा थरावर थर चढवतो. हे यंत्र प्लास्टिकचा दोरा वितळवून तसेच बारीक थर चढवतं. आकार संगणकात काढून ठेवलेला असतो. एकाला बसला तो शंभरांना बसतो.

पुणे जिल्ह्यात पाबळ नावाचं गाव आहे. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करता करता शिकायचं, ही तिथली रीत. २००२ साली या खेड्यात ‘फॅब लॅब’ नावाची आधुनिक यंत्रांची कार्यशाळा सुरू झाली. म्हणजे अशी यंत्रं शहरातच असतात असं नाही.

एक लक्षात ठेवा. छपाईचं हे प्लास्टिक पुष्कळदा मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून केलेलं असतं. सुमारे ६० अंशांवर ते मऊ पडतं. वैशाखाच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर असा दिवा ठेवू नका.

दिवा लागला नाही तर?

घाबरू नका. आधी सेल उलटे बसलेत का पहा. मग एल.ई.डी.चे पाय पहा. शेवटी प्रत्येक सांधा हलवून पहा. बहुतेक खोट या तिन्हींपैकी एकीत सापडते.

जपा

हा दिवा भिंतीतल्या प्लगला कधीही लावू नका. तिथे २३० व्होल्ट असतात. माणूस दगावतो. जुने व नवे सेल एकत्र घालू नका. संपलेला सेल चुलीत टाकू नका. मोबाइलची बॅटरी फोडू नका. उजळलेल्या एल.ई.डी.कडे टक लावून पाहू नका.

दिव्याची जागा ठरवून ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा सगळीकडे अंधार होता. संकट वेळ सांगून येत नाही. सरपणात हात घालायचा असो, विंचवाची भीती असो, की रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असो, दिवा हाताला लागला पाहिजे.

हे आपणच का करायचं?

कोणी म्हणेल, बाजारात तयार दिवे मिळतात. मिळतात खरे. पण वायर सुटली की तो दिवा माळ्यावर पडतो. दोष काडीएवढा, आणि दिवा मात्र कायमचा गेला.

मुंबईच्या आय.आय.टी.ने हे ओळखलं. प्राध्यापक चेतनसिंह सोळंकी यांच्या पुढाकाराने २०१४ च्या सुमारास खेड्यांतल्या दहा लाख शाळकरी मुलांना सौर दिवे द्यायचं काम निघालं. महाराष्ट्रातही ते झालं. मुलाने १२० रुपये भरायचे. पण खरी गोष्ट पुढेच आहे. ते दिवे खेड्यांतल्याच माणसांना शिकवून त्यांच्या हातून जोडून घेतले. दुरुस्तीही त्यांनाच शिकवली. ज्याने दिवा जोडला, त्याला तो उघडायची भीती वाटत नाही.

आम्ही पुष्कळ वर्षं मुलांना शिकवलं. प्रौढांनाही शिकवतो. अक्षर काय, दिवा काय, तो जुळतो कसा हे एकदा कळलं की कोणापुढे हात पसरावा लागत नाही. दिवा तयार झाला की शेजाऱ्यालाही शिकवा.

सांगा पाहू

१. एल.ई.डी.चा कोणता पाय अधिक?
२. तपकिरी, काळा, तपकिरी म्हणजे किती ओहम?
३. तीन एल.ई.डी.ना तीन रेझिस्टर का?
४. तुमच्या घरी सेलवरचा एखादा बंद दिवा आहे का? सेल काढून तो उघडा. कोणता सांधा सुटला आहे?