धडा : व्यायामाच्या डॉक्टरांकडे जाताना

"लोणीला नेलं. दोन तास बसवलं. सुई नाही, गोळी नाही. नुसतं हात वर करा, हात खाली करा. एवढ्यासाठी का गाडीभाडं घालवायचं?"

असे बोलणे आपल्या पुणतांब्यात पारावर पुष्कळदा ऐकू येते. बोलणारा माणूस दुसऱ्या खेपेला जात नाही. खांदा आखडलेला असतो, तो तसाच राहतो. पुढे सदऱ्याची बाही घालायलाही दुसरे माणूस लागते. बाईमाणूस असेल तर वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही. म्हणून हा धडा नीट वाचा.

सुई-गोळीशिवाय हालचालीने, शेकाने आणि व्यायामाने अंग सुधारण्याच्या विद्येला फिजिओथेरपी म्हणतात. पुस्तकात तिला भौतिकोपचार असे नाव आहे. आपण साधे 'व्यायामाचे डॉक्टर' म्हणू. बारावीनंतर चार वर्षांहून अधिक काळ ते हेच शिकतात. हाडे किती, स्नायू कोणता कोठे चिकटला आहे, कोणती शीर कोठून जाते, हे सारे त्यांना पाठ असते. तेव्हा हे चोळणाऱ्याचे काम नव्हे.

ही विद्या आपल्या देशात वाढली ती पोलिओमुळे. त्या काळी पुष्कळ मुलांचे पाय लुळे पडत. मुंबईला हाजी अली येथे १९५५ साली सरकारने अशा रोग्यांसाठी मोठी संस्था काढली. पुढे लसीमुळे पोलिओ हटला. २०१४ च्या मार्च महिन्यात भारत पोलिओमुक्त ठरला. पण व्यायामाच्या डॉक्टरांचे काम काही कमी झाले नाही. आता अर्धांगवायू, गुडघेदुखी, कंबरदुखी, मोडलेली हाडे, यांचेच रोगी फार. आपल्या राहाता तालुक्यात लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे ही विद्या शिकविणारे महाविद्यालयही आहे. त्यामुळे तेथे शिकणारी मुले-मुली आधी तपासतात, मग त्यांचे गुरुजी पाहतात. "पोरंसोरंच तपासतात" म्हणून रागावू नका. दोघांनी पाहिले तर आपलाच फायदा आहे.

आता आखडणे म्हणजे काय ते पाहू. दाराची बिजागरी बरेच दिवस हलविली नाही तर ती धरते. सांध्याचेही तसेच. हाड मोडले, प्लास्टर घातले, सहा आठवडे हात हलला नाही. प्लास्टर काढले की हात काडीसारखा दिसतो आणि कोपर वाकत नाही. हाड जुळलेले असते, पण स्नायू सुकलेला असतो आणि सांधा धरलेला असतो. त्याला गोळी काय करणार? त्याला हळूहळू हलवावेच लागते. येथे पुष्कळ जण एक घोटाळा करतात. कोपर मोकळे व्हावे म्हणून तेल लावून जोराने चोळून घेतात, ओढून घेतात. मोडलेल्या कोपराला असे केले तर स्नायूतच नवे हाड धरू शकते. मग ते कोपर नीट वाकत नाही. मुलांच्या बाबतीत तर हे मुळीच करू नका.

जाताना काय न्यावे? जुने कागद, एक्स-रे, चालू गोळ्या आणि सैल कपडे. गुडघा दाखवायचा असेल तर धोतर किंवा सैल विजार बरी. बायकांनी "बाई डॉक्टर आहेत का?" असे खुशाल विचारावे. सोबत घरचे माणूस आत बसू द्या, असेही म्हणावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. फी किती, किती खेपा लागतील, तेही आधीच विचारावे.

आत गेल्यावर बोलणे साधारण असे होते :

"आजी, खांदा कधीपासून दुखतो?"

"झाले की चार महिने."

"पडला होता का? मार लागला होता?"

"नाही गं बाई. आपोआप धरला."

"रात्री त्या कुशीवर झोप लागते का? साखरेचा आजार आहे का?"

"साखर आहे. पण साखरेचा नि खांद्याचा काय संबंध?"

संबंध आहे. मधुमेह असलेल्या माणसाचा खांदा असा आपोआप धरण्याचे प्रमाण जास्त असते. म्हणून विचारले ते सगळे सांगावे. हृदयाजवळ यंत्र बसविले असेल, अंगात सळई घातली असेल, बाई गरोदर असेल, पायाला बधिरपणा असेल, तर न विचारताही सांगावे. बधिर पायाला शेक दिला तर भाजलेले कळत नाही. विजेच्या यंत्राचेही असेच आहे. काहींना ते चालत नाही.

मग तपासणी होते. चालून दाखवा, वाका, हात वर करा. कंपासपेटीत कोनमापक असतो ना, तसलेच एक मोठे साधन सांध्याला लावतात. हात किती अंश वर जातो ते मोजतात आणि लिहून ठेवतात. तो आकडा विचारून घ्या. आता तुम्हाला आकडे वाचता येतात.

उपचार काय होतात? कोणाला गरम शेक, कोणाला बर्फ. कोणाला थंड चिकट मलम लावून वर यंत्र फिरवितात. पण खरे काम व्यायामाचे. खांद्यासाठी दोरी आणि कप्पी असते, अगदी आपल्या रहाटासारखी. बऱ्या हाताने दोरी ओढायची, की दुखरा हात वर जातो. भिंतीवर बोटे चालवीत वर न्यायची, हाही एक व्यायाम आहे. गुडघ्यासाठी पाय पसरून बसवितात आणि गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवतात. तो खाली दाबून पाच अंक मोजायचे आणि सोडायचे. दिसायला पोरखेळ. पण त्याने मांडी बळकट होते आणि गुडघ्यावरचा भार हलका होतो.

थोडा ताण बसतो, थोडे दुखते. त्याने घाबरू नये. मात्र दुखणे रात्रभर टिकले किंवा सूज आली, तर दुसऱ्या दिवशी तसे सांगावे. ते व्यायाम कमी करतात. सहन करून गप्प बसणे ही मर्दुमकी नव्हे. आणि घाईही नको. धरलेला खांदा मोकळा व्हायला कित्येकदा वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. दोन खेपांत गुण आला नाही म्हणून सोडले, तर मग गाडीभाडे खरेच वाया गेले.

अंगावरून वारे गेलेल्या माणसाची गोष्ट निराळी. तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, की आधी १०८ ला फोन करावा आणि मोठ्या दवाखान्यात न्यावे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. देवऋषी, झाडपाला यांत ते तास घालवू नका. व्यायामाचे डॉक्टर त्यानंतर. रोगी घरी आल्यावर त्याला उठविताना लुळा हात धरून ओढू नये, काखेतही हात घालून उचलू नये. खांदा निसटतो. फार घरांत मायेपोटीच हे होते. कसे उठवावे, कुशीवर कसे वळवावे, ते डॉक्टर घरच्यांना करून दाखवितात. जी सून किंवा जो मुलगा रोज करणार, त्यानेच त्या दिवशी सोबत जावे.

कंबरदुखीबद्दल एक सूचना. कंबर दुखते आणि लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली, तर व्यायामाची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, तरी आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवावे. नुसती साधी कंबर धरली असेल, तर आठ दिवस खाटेवर पडून राहू नये. हळूहळू चालते राहावे.

परत येताना व्यायाम कागदावर मागून घ्यावा. चित्रे असतील तर फारच चांगले. एखाद्या कागदावर सही मागितली तर आधी वाचावा, न कळेल ते विचारावे, मग आपले नाव लिहावे. आता अंगठ्याचे काम नाही.

घरी एका वहीत रोज ओळ लिहावी आणि ती वही पुढच्या खेपेला न्यावी. अशी :

सोमवार. सकाळी १० वेळा, संध्याकाळी १० वेळा. थोडे दुखले.

मंगळवार. सकाळी १० वेळा. संध्याकाळी कांदा भरायचा होता, राहिले.

बुधवार. दोन्ही वेळा केले. हात कानापर्यंत गेला.