सात हजार दोनशे चित्रे

चऱ्होली बुद्रुक

चि. बाळास,

तुझे पत्र पोचले. चाकणच्या कारखान्यातील नेमणुकीचा कागद हाती आला असता तो बाजूस सारून अ‍ॅनिमेशनचे शिक्षण घ्यावे अशी तुझी मनीषा असून, वडिलांना तो अविचार वाटतो म्हणून मी त्यांच्याकडे रदबदली करावी, असे तू लिहितोस. ती मी अवश्य करीन. परंतु तत्पूर्वी थोडे ऐकून घे.

राम मोहन यांचे नाव तू आदर्श म्हणून घेतलेस, ते उचितच झाले. रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडून ते १९५६ साली मुंबईस फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात रुजू झाले. ‘यू सेड इट’ (१९७२) आणि ‘फायर गेम्स’ (१९८३) या लघुपटांना मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार व २०१४ ची पद्मश्री यांची नोंद तू अगत्याने केलीस. पण रुजू झाल्यापासून १९७२ पर्यंत जी सोळा वर्षे लोटली त्यांविषयी तुझ्या पत्रात अवाक्षर नाही, आणि मला आस्था आहे ती नेमकी त्या वर्षांची. डिस्नेच्या चित्रशाळेतून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली विभागातील तरुणांनी ही विद्या आत्मसात केली. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना पुरविले तरी दहा मिनिटांच्या लघुपटास सात हजार दोनशे चित्रे लागतात. त्याही पूर्वी, १९१२ च्या सुमारास, आपल्या दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याचे रोप कॅमेऱ्यापुढे ठेवून, त्याची वाढ एकेक चौकट करून टिपली होती, आणि तो चित्रपट पाहूनच त्यांना भांडवल देणारा मनुष्य पुढे आला.

दोन मुख्य चित्रांमधली चित्रे आता संगणक भरून देतो, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. परंतु देहाचा भार कोणत्या पावलावर, कोणत्या क्षणी पडावा, याचा निर्णय ज्याने माणसे न्याहाळली आहेत त्यानेच करावयाचा असतो. ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा दिंडीतील बायांकडे पाहा: डोईवर तुळशीवृंदावन घेतलेलीची मान स्थिर असते, खांदे किंचितही हलत नाहीत आणि चालीचा सारा हेलकावा कमरेखाली उतरलेला असतो, तिच्याच शेजारचा, टाळ वाजविणारा म्हातारा दर तिसऱ्या पावलाला गुडघा सावरतो. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तीस वर्षे यंत्रांचे भाग रेखाटले, त्यामुळे रेषेची शिस्त मला अवगत झाली. परंतु तो गुडघा मला आजतागायत साधला नाही, याची खंत आहे.

यंदा पालखीच्या चार दिवस आधी ये. वाघेश्वराच्या टेकडीवर पहाटे बसू, मग इंद्रायणीकाठाने आळंदीस चालत जाऊ. रोज शंभर चाली काढावयाच्या आणि त्यांपैकी एकही पुसावयाची नाही. वडिलांनाही सोबत आण. तुझी वही त्यांच्यापुढे उघडी ठेवून मगच मी त्यांच्याशी बोलेन. माळ्यावरचा माझा जुना ड्रॉइंग बोर्ड काढून पुसून ठेवला आहे. त्याचा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे, बाकी फळी शाबूत आहे. येण्याची तारीख कळव.

तुझा,
मामा