पाखाडीसकट नाव लिहून ठेव

तुमच्या दहावीच्या बॅचचा मेळावा झाला, ग्रुप झाला, एकमेकांचे पिकलेले केस बघून झाले. आता आत्याच्या चार गोष्टी ऐक. आमच्या जुन्या अकरावीच्या वर्गातली आम्ही मंडळी कित्येक वर्षं एकमेकांना धरून आहोत. पंचाहत्तरीजवळ आल्यावर ज्या गोष्टी आमच्या अंगवळणी पडल्या, त्या तुम्ही साठीतच उचलाव्यात असं मला मनापासून वाटतं. हातपाय चालताहेत तोवरच घडी बसवून घ्यायची असते.

आधी एक जाड पुठ्ठ्याची वही कर. मोबाइलमधले नंबर मोबाइलबरोबर जातात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या अष्टागरात वीज गेली, टॉवर गप्प झाले. वरून करोना, त्यामुळे मुंबईहून कोणाला येता येईना. आपल्या चौल गावात कोण कसं आहे हे कळायला तिकडच्यांना मार्गच नव्हता. तेव्हा आम्हाला वहीनेच तारलं. ज्याला थोडी रेंज मिळाली त्याने वहीतली नावं वाचायची, जवळ राहणाऱ्याने त्या त्या पाखाडीत, म्हणजे वस्तीत, चालत जाऊन बघून यायचं, आणि मुंबईला एकानेच सगळ्यांची खुशाली कळवायची. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे पाखाडी लिही, शेजारच्या घरातला एक नंबर लिही, मुलाचा किंवा सुनेचा नंबर लिही. त्याखाली चालू औषधांची नावं, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि कोणत्या डॉक्टरांकडे जातात ते. औषधांचं पान पेन्सिलने लिही, कारण गोळ्या बदलतात. एक वही तुझ्याकडे आणि तिची नक्कल दुसऱ्या पाखाडीतल्या कोणाकडे तरी असू दे.

मुलींची नावं माहेरची लिही, सासरचं आडनाव कंसात. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली याच कारणाने वर्षानुवर्षं सापडल्या नव्हत्या. हजेरीपटावर एक नाव, संसारात दुसरं, गाव तिसरंच. त्या सापडल्या त्या गणपतीत आणि दत्तजयंतीच्या यात्रेत, भोवाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. जी मुलगी सापडत नाही तिच्या भावाच्या घरी जा आणि ती माहेरी कधी येते ते विचार. भाऊ राहिला नसेल तर भावजयीला विचार. मुलग्यांना शोधणं सोपं असतं, म्हणून ग्रुप मुलग्यांनी भरतात आणि विधवा झालेली, एकटी राहणारी मैत्रीण बाहेरच राहते. खरी गरज तिलाच असते.

आता विचारपूस कशी करायची ते सांगते. मुलगा फोनवर विचारतो, "आई, बरी आहेस ना?" आपण म्हणतो, "बरी आहे." त्याला ऑफिसात काळजी नको म्हणून म्हणतो. वर्गातली मैत्रीण विचारते, "काल रात्री कितीदा उठलीस? जिना चढताना मधे थांबलीस का? शेवटचं कधी पडलीस?" तेव्हा खरं बाहेर येतं. तिचंही वय तेच असतं, त्यामुळे लाज वाटत नाही. लघवीचं, पोट साफ न होण्याचं, कानाला ऐकू न येण्याचं आपण पोटच्या पोरांना सांगत नाही, पण जिच्याबरोबर एका बाकावर बसलो तिला सांगतो. म्हणून "कशी आहेस" एवढंच विचारून फोन ठेवू नकोस. नेमकं विचार. आणि ज्याला ऐकू कमी येतं त्याला ग्रुपवर लांब बोलून पाठवू नकोस, मोठ्या अक्षरात लिहून पाठव. ऐकू न येणारा माणूस आधी बोलणं कमी करतो, मग येणं कमी करतो. लोकांना वाटतं तो तुटक झाला. त्याला कान तपासायला घेऊन जा.

जोड्या लाव. तीस-चाळीस जणांच्या ग्रुपवर कोण गप्प आहे हे कोणाच्याच ध्यानात येत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पाहिलं असेल. आमच्याकडे एकट्या राहणाऱ्या प्रत्येकाचा एक जोडीदार ठरलेला आहे. सकाळी आठच्या आत एक मिस्ड कॉल, म्हणजे उठलो. नाही आला तर जोडीदाराने फोन करायचा, उचलला नाही तर वहीतल्या शेजाऱ्याला सांगायचं. यात फुलांची चित्रं नकोत, सुविचार नकोत. ते रोजचे शंभर निरोप बघून बघून माणसं ग्रुप उघडायचीच बंद होतात आणि नेमका कामाचा निरोप राहून जातो.

निसर्गनंतरची आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. पोफळीचं रोप लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं जातात. सत्तरीच्या माणसाची वाडी एका दुपारी आडवी झाली तर त्याने पुढची पोफळ कोणासाठी लावायची? आमच्यातले काही जण तेव्हा "मन लागत नाही" असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "झोप येत नाही," "जेवण जात नाही," "छातीत भरून येतं." म्हाताऱ्या माणसाचं दुःख असं शरीरातून बोलतं. तेव्हा "होईल सगळं ठीक" म्हणू नकोस. जाऊन बस, पंचनाम्याचे कागद भरायला मदत कर, वाडीतला पाला उचलायला एक दिवस दे. आणि दोन आठवडे उलटूनही झोप-जेवण ताळ्यावर येत नसेल, एखादा "आता कशाला जगायचं" असं बोलू लागला असेल, तर तो बोलतोय ते खरं मान आणि डॉक्टरांकडे ने. यात कमीपणा काहीच नाही.

सुपारीचं मी जरा रागानेच सांगणार आहे. आपण पोफळीच्या सावलीत वाढलो, घरात सुपारीचे ढीग, अडकित्ता हाताशी. पाहुण्याला पान-सुपारी दिली नाही तर चैन पडत नाही. पण सुपारीने, तंबाखू न लावताही, तोंडाचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच छापून सांगितलंय. कॅन्सर होण्याआधी गाल आतून ताठ होतात, तिखट झोंबू लागतं, तोंड उघडेनासं होतं. भेटलात की एकमेकांना ही परीक्षा घ्यायला लावा: आपलीच तीन बोटं उभी करून वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का ते पाहायचं. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा फोड दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. सुपारी विकावी, पूजेला ठेवावी, पण तोंडात टाकू नये. आमच्या वर्गाच्या भेटीत आता तबकात बडीशेप आणि ओवा असतो.

दुसरं दुखणं उपवासाचं. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असताना आपल्या बायका एकादशी, हरतालिका, श्रावणी सोमवार सोडत नाहीत, आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. उपवासाच्या आधी डोस कसा बदलायचा हे डॉक्टरांना विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. त्या दिवशी सकाळी अकराला मैत्रिणीला फोन कर. ती घामाघूम झाली असेल, हात थरथरत असतील, बोलणं अडखळत असेल, तर साखर उतरली आहे असं समजून तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायला सांग. पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर तपासायची. सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा साखर, मग काहीतरी पोटभरीचं. देव त्या साखरेने कोपत नाही. मात्र माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

रक्तदाबाचं यंत्र वर्गणी काढून घेतलंत तरी चालेल, पण मोजायची रीत शिका. चहा, तंबाखू, चालणं यानंतर अर्धा तास थांबायचं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, हात छातीच्या पातळीला ठेवायचा. गप्पा मारत मोजलेला आकडा कामाचा नाही. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करायची नाही, तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो. सुका जवळा, बोंबील, लोणचं, पापड यांचं मीठ आपल्या हिशोबात येत नाही. दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत हवं. सुकी मासळी दोन पाण्यांतून काढल्याशिवाय करू नका. आणि ज्याची किडनी अधू आहे त्याला शहाळं पाजायचा आग्रह करू नका. वाडीतलं असलं तरी त्यात पोटॅशियम भरपूर असतं, डॉक्टर हो म्हणाले तरच.

अचानक कोणाचा चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात उचलेना, जीभ वळेना, तर पहिलं घड्याळ बघायचं आणि वेळ लिहायची. मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी स्कॅन लागतो. घरी चोळत बसायचं नाही, पाणी नाही, कसलीही गोळी नाही. चौलाहून अलिबाग पंधरा-सोळा किलोमीटर, पण शनिवार-रविवारी नागावच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची जी रांग लागते ती तुला माहीत आहे. म्हणून आजारी पडायच्या आधीच, सगळे धडधाकट असताना, स्कॅनचं यंत्र कुठे रात्रीही चालू असतं ते चौकशी करून वहीत लिहा, आणि रात्री-अपरात्री गाडी काढेल अशा दोघांची नावं लिहा. विंचू-सापाचंही तसंच. साप चावला तर फडकं आवळायचं नाही, चिरा मारायच्या नाहीत, त्या माणसाला चालवायचं नाही, कोणाच्या मंत्राची वाट बघायची नाही. सरळ दवाखाना.

ग्रुपवर औषधं येतात. आपला अलिबागचा पांढरा कांदा गोड, त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मला त्याच्या माळा दारात टांगलेल्या बघून आनंद होतो. पण तो खाऊन मधुमेह जातो असं कोणी पाठवलं तर वर्गातल्या एकाने तिथल्या तिथे लिहायला हवं, "गोळी बंद करू नका." आम्ही हे काम निवृत्त नर्स असलेल्या मैत्रिणीवर सोपवलंय. ती नाही म्हणाली की विषय संपतो. पोलीस असल्याचं सांगून कोणी व्हिडिओवर "डिजिटल अरेस्ट" म्हणून धमकावलं तर फोन ठेवून आधी जोडीदाराला सांगायचं. कायद्यात अशी अटक नसतेच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. एकटा माणूस यात घाबरून लुटला जातो. ग्रुपमध्ये उसनवारी आणि भिशी मात्र आणू नका. पैशाने तुटलेली मैत्री या वयात पुन्हा जुळवायला वेळ उरत नाही.

सरकारी कागद एकत्र बसून करून टाका. सत्तर पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. मिळकत कितीही असो, कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयांत होतात. आधारवरची जन्मतारीख आधी नीट करून घ्या, गाडी तिथेच अडते. एसटीला पंचाहत्तरीनंतर तिकीट नाही, पासष्टीनंतर अर्धं, बायकांना तर कुठल्याही वयात अर्धं. रेवदंड्याची एसटी पकडून मैत्रिणीकडे जायला "कशाला खर्च" हे कारण आता उरलेलं नाही.

आमच्या वर्गातली एक बेने इस्रायली मुलगी तरुणपणीच घरच्यांबरोबर इस्रायलला गेली. ती अजून चौलाचं मराठी बोलते, कालवणाची आठवण काढते. तुमच्या बॅचमधलंही कोणी ना कोणी असं दूर असेलच. त्यांची वेळ वहीत लिहा. इस्रायल आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास मागे आणि उन्हाळ्यात अडीच. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत तिला फोन करायचा नाही, तो त्यांचा शब्बाथ. तिच्याशी बोलताना मी फोन बाजूला धरून वाडीतला पक्ष्यांचा आवाज ऐकवते. दूरच्यांना सल्ले नको असतात, त्यांना इथलं काय पिकलं, कोणाच्या घरी लग्न आहे, हे हवं असतं.

आपल्यातलं कोणी गेलं तर ग्रुपवर टाकायच्या आधी त्याच्या अगदी जवळच्या दोघा-तिघांना फोन करून सांगायचं. जिवाभावाच्या मित्राला ही बातमी हात जोडलेल्या चित्रातून कळू नये. बाराव्या-तेराव्याला सगळे जातात. आपण पुन्हा तिसऱ्या महिन्यात जायचं, घर रिकामं झाल्यावर. तेव्हा गेलेल्याचं नाव घ्यायचं टाळू नका, शाळेतल्या त्याच्या गोष्टी सांगा. त्याच्या बायकोला त्या गोष्टी कधीच माहीत नसतात, आणि ती त्या अधाशासारख्या ऐकते. त्याचं वहीतलं पान फाडायचं नाही. त्याच पानावर त्याच्या बायकोचा नंबर लिहायचा आणि तिला जोडीदार नेमून द्यायचा.

वर्षातून एकदा भेटाच. दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या ज्यांना झेपतील त्यांनी सकाळी चढून यावं, पण भेट रामेश्वराच्या देवळाशी ठेवा. तिथे गुडघेदुखीवालीही येऊ शकते आणि पुष्करणीकाठी बसायला सावली आहे. पावसाळा नको, तेव्हा गेटवेच्या लाँचा बंद आणि वाडीतल्या वाटांवर शेवाळ. मार्गशीर्ष-पौष बरा, वालाच्या शेंगा येतात, पोपटी लावता येते. जेवण एकच्या आत वाढा, गोळ्यांच्या वेळा असतात. गोड एकच करा, तेही थोडं. भाषणं नकोत. प्रत्येकाला आपली वही पडताळायला अर्धा तास द्या, आणि तीनपर्यंत उठा, म्हणजे मुंबईकरांना उजेडात मांडवा गाठून परतीची बोट मिळते.