बेकरीच्या अंगणातील बैठक

प्रश्न : महाबळेश्वरात आमची लहानशी बेकरी आहे. पुढील अंगणात गिऱ्हाइकांसाठी बैठक करावी असे मनात आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आपला संकल्प स्तुत्य आहे; परंतु महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारने २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला असल्यामुळे, अंगण आपल्या मालकीचे असले तरी, प्रथम हद्दीची सरकारी मोजणी करवून नकाशासह नगरपरिषदेकडे रीतसर अर्ज करावा आणि लेखी परवाना हाती येईपर्यंत जमिनीला कुदळ लावू नये.

जेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य कोसळतो, तेथे सिमेंटचा अखंड कोबा न घालता, स्थानिक जांभ्याची फरसबंदी करून सांधे वाळूने भरावेत आणि जोत्यापासून बाहेर मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार ठेवावा, म्हणजे काही पाणी सांध्यांतून मुरेल व उरलेले भिंतीकडे न येता गटाराकडे वाहील. सावलीतील जांभ्यावर शेवाळ धरते. ते पावसाळा सरताच ताठ कुंच्याने घासून काढल्यावाचून कोणासही तेथे बसवू नये. मेज-बाके घडीची असावीत, म्हणजे जूनपूर्वी ती आत घेता येतील. माकडांचा उपद्रव ध्यानी घेऊन पाव-बिस्किटे झाकूनच वाढावीत आणि उष्ट्याच्या टोपल्यांना घट्ट झाकणे असावीत.

आरंभ चार मेजांनी करावा, आणि त्यांच्यासाठी एकही झाड तोडू नये, ही आग्रहाची विनंती.