पॅकेजची नोंद वाचताना

डेबियन या मुक्त संगणक-कार्यप्रणालीचा आरंभ इयान मर्डॉक यांनी १९९३ साली केला. तीत प्रत्येक सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपाने येते आणि अशा पॅकेजांची संख्या आज साठ हजारांहून अधिक आहे. एवढ्या भांडारात चौकशी करण्याचे साधन म्हणजे 'ॲप्ट-कॅश'. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत; आज्ञा टंकित करावी आणि उत्तर वाचावे.

'सर्च' या शब्दापुढे विषय लिहिला, की नावात वा वर्णनात तो शब्द असलेल्या पॅकेजांची यादी मिळते. 'शो' म्हटले की एकाच पॅकेजची सविस्तर नोंद पुढे येते : आवृत्ती, सांभाळकर्त्याचे नाव, आकार, कोणत्या अन्य पॅकेजांवाचून ते चालणार नाही, इत्यादी. या चौकशीला व्यवस्थापकाचे अधिकार लागत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे साधन दूरच्या भांडाराला काहीच विचारीत नाही. आपल्या यंत्रावर पूर्वी उतरवून घेतलेल्या याद्या तेवढ्या ते वाचते. 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा महिनाभर दिली नसेल, तर भांडाराविषयीचे उत्तरही महिन्यापूर्वीचेच. शिवाय ग्रंथालयातील तालिकापत्र जसे पुस्तकातील मजकुराची हमी देत नाही, तशी ही नोंदही देत नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये याचा प्रत्यय आला. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला 'एक्सझेड' या संक्षेपन-सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत हेतुपुरस्सर दडविलेला चोरदरवाजा सापडला. डेबियनच्या चाचणी-शाखांत या आवृत्त्या पोहोचल्या होत्या. स्थिर शाखेत नव्हत्या. नोंदीत मात्र वावगे काहीच दिसत नव्हते. आकार बरोबर, पडताळणीचा अंकही बरोबर; कारण दोष मुळातच आत होता.

तरीही त्या दिवशी प्रत्येक व्यवस्थापकाला पहिला प्रश्न याच साधनाला विचारता येत होता : माझ्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे? त्यासाठी 'पॉलिसी' ही उपआज्ञा आहे. 'इन्स्टॉल्ड' या ओळीत बसविलेली आवृत्ती दिसते, 'कॅन्डिडेट' या ओळीत आता बसविली जाईल ती. खाली प्रत्येक आवृत्ती कोणत्या भांडारातून आली तेही दिलेले असते. पुष्कळ जण पहिली ओळ वाचून थांबतात. खरे तर तिन्ही वाचावयास हवे.

डेबियनने चाचणी-शाखांना जुन्या ५.४.५ वर परत नेले. पण सामान्य अद्यतनात ॲप्ट वरचढ क्रमांकाकडेच जाते, खाली उतरत नाही. म्हणून दुरुस्त पॅकेजला '५.६.१+रिअली५.४.५-१' असा क्रमांक देण्यात आला. आरंभीचे '५.६.१' यंत्राला चढत्या क्रमाचे समाधान देण्यासाठी. 'रिअली', म्हणजे 'खरोखर', यापुढचा आकडा वाचणाऱ्या माणसासाठी. नोंद घाईने वाचणाऱ्याला हे सुरक्षित पॅकेजच सदोष वाटले असते.