माणसांची भिंत : 'घाशीराम कोतवाल' समजून घेताना

स्नेहसंमेलन जवळ आले की "सर, यंदा विनोदी नाटक बसवू या" अशी मागणी हमखास येते. मागणी रास्तच आहे. पण विनोदाच्याही जाती असतात. एखादे नाटक पोट धरून हसवते आणि मध्येच ते हसू घशात अडकवते. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' हे असे संगीत नाटक आहे. त्यातले काही प्रसंग प्रौढांसाठीचे आहेत, त्यामुळे ते शाळेत बसवण्याचा आमचा विचार नाही, हे पालकांना आधीच सांगतो. वरच्या वर्गांनी त्याची बांधणी मात्र समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

कथा पेशवाईतल्या पुण्याची. कनोजहून आलेल्या घाशीरामावर चोरीचा खोटा आळ येतो, त्याला मारहाण होते, आणि तो सूड घेण्याची शपथ घेतो. आपली मुलगी तो नाना फडणवीसांच्या हवाली करतो आणि बदल्यात शहराची कोतवाली मिळवतो. मग तो शहराला छळू लागतो. शेवटी कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मरतात, लोक खवळतात, आणि नाना त्याला निमूटपणे जमावाच्या ताब्यात देतात. यामागे 1791 सालची खरी घटना आहे. ते मेलेले लोक तेलंगी होते, म्हणजे आपल्या शेजारच्याच मुलखातले.

नाटकात नेपथ्य जवळजवळ नाहीच. ब्राह्मणांची एक रांग डुलत, गात उभी असते, जणू आपल्या गावचे भजनी मंडळच. हीच रांग पडदा होते, जमाव होते, गुपित झाकणारी भिंतही होते. रांगेने पाठ फिरवली की मागे काय चालले आहे ते न दाखवताही कळते. कीर्तन, अभंग आणि लावणी एकमेकांना चिकटून येतात. देवाचे नाव घेणारे तोंड पुढच्याच क्षणी भलतीकडे वळते आणि प्रेक्षक हसतो. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येते की, सगळे पाहून गप्प बसणाऱ्या त्या रांगेत आपणही उभे आहोत.

हे करणारी मंडळी हौशी होती. दिग्दर्शक जब्बार पटेल हे आपल्या जवळच्या सोलापुरात शिकलेले, व्यवसायाने डॉक्टर. नाना रंगवणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्ये कृष्णदेव मुळगुंदांची. पहिला प्रयोग 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनतर्फे झाला. नानांची आणि एका समाजाची बदनामी होते असा आक्षेप आला आणि 19 प्रयोगांनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी नाटक थांबवले.

विश्वस्त मंडळींनी इथे क्षणभर थांबावे. अध्यक्षांना संस्थेची काळजी होती, आणि आक्षेपही अगदीच पोकळ नव्हता. इतिहासातल्या नानांनी बिकट काळात मराठी राज्य सावरले. ज्या मुलाला नाना फक्त या नाटकातूनच माहीत असतील, त्याच्या मनात त्यांच्यावर अन्याय होणारच. म्हणून इतिहासाचा धडा आधी, नाटक नंतर. पण तेंडुलकरांना इतिहास सांगायचाच नव्हता. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे घडवते आणि काम झाले की कसे टाकून देते, हे त्यांना दाखवायचे होते. तरुण कलावंतांनी संस्थेशी भांडत न बसता 1973 मध्ये 'थिएटर अकॅडमी' काढली आणि 1974 मध्ये नाटक पुन्हा उभे केले. आमच्या मते त्यांनी योग्य केले. 1980 मध्ये, विरोधाला तोंड देत, हेच नाटक युरोपला गेले. भाषा न कळणाऱ्यांपुढेही त्या रांगेचे डुलणे बोलले असणार.

आता अभ्यास. दहा-बारा जणांनी खांद्याला खांदा लावून उभे राहावे. एकही शब्द न बोलता त्या रांगेची आधी बाजारपेठ करावी, मग बंद दरवाजा, मग चावडीसमोरची गर्दी. संवाद कानडीमिश्रित मराठीत आले तरी चालतील, घरी बोलता तसेच बोला. टाळ-मृदंग लागेल. ज्यांच्या घरी भजनाचे साहित्य आहे त्या पालकांनी शनिवारी ते मुलांबरोबर पाठवावे.